एकाच चेहऱ्यावर दोन जमिनी

ऊस, पाणी, खत आणि पहिला हप्ता हे विषय सोडून या अंकात तोंडाच्या कातडीवर लेख कशाला, असे काहींना वाटेल. चावडीवर बसलेले ज्येष्ठ सभासद तर हसतीलही. पण आमच्याकडे महिला सभासदांकडून आणि सभासदांच्या लेकी-सुनांकडून एक तक्रार वारंवार येते. नाक आणि कपाळ तेलाने चकाकते, त्याच वेळी गाल कोरडे पडून फुटतात. तेल लावावे तर पुटकुळ्या येतात, साबण लावावा तर गाल भाजल्यासारखे होतात. करावे तरी काय?

हा प्रश्न शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या एकाच गटात वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला काळी जमीन असते. दोन्हींना एकाच मापाने पाणी सोडले तर वरचा ऊस वाळतो आणि खालचे रान चिबडते. उजनीचे पाणी आल्यावर ही गोष्ट आपण आपल्या रानात पाहिली आहे. चेहऱ्याचेही काही जणांच्या बाबतीत असेच असते. डॉक्टर मंडळी याला मिश्र त्वचा म्हणतात. हा रोग नव्हे, कातडीचा एक प्रकार आहे. पण तो न ओळखता उपाय सुरू केले की रोग मागे लागतो.

भावकीतल्या एका मुलीची गोष्ट

आमच्या भावकीतली एक मुलगी. बारावीची परीक्षा झालेली, घरात स्थळांची बोलणी सुरू. नाकावर आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्या, गालांवर पांढरट कोंडा. पाहुणे यायचे म्हणून ती दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुवायची. तिची आज्जी म्हणायची, "किती घासशील गं? तोंड हाय का तांब्या?"

आज्जीचे कोणी ऐकले नाही. घासून गाल लाल झाले, नाक मात्र तासाभरात पुन्हा तेलकट. मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आली. चिठ्ठी कोणी विचारली नाही, दिली नाही. आठ दिवसांत चेहरा नितळ आणि उजळ दिसू लागला. घरच्यांना वाटले, गुण आला. आम्हीही त्या वेळी "बरं झालं बाई" असेच म्हटले, हे कबूल केले पाहिजे. पुढे काय झाले ते ओघाने येईलच. आधी कातडीचे गणित समजून घेऊ.

असे का होते?

आपल्या कातडीत बारीक तैलग्रंथी असतात. त्या केसाच्या मुळाशी तेलकट स्राव सोडतात. हे तेल वाईट नव्हे. ते कातडी मऊ ठेवते आणि आतला ओलावा टिकवायला मदत करते. पण या ग्रंथी सगळीकडे सारख्या नाहीत. तळहात आणि तळपायाला त्या मुळीच नसतात. चेहऱ्यावर आणि डोक्यावर मात्र एका चौरस सेंटिमीटरला ४०० ते ९०० पर्यंत असतात. चेहऱ्यावरही कपाळ, नाक आणि हनुवटी इथे त्या जास्त काम करतात, गालांवर कमी.

आपली कुदळ डोळ्यांसमोर आणा. कुदळीचे आडवे पाते म्हणजे कपाळ आणि उभा दांडा म्हणजे नाक ते हनुवटी. ही झाली तेलाची जमीन. दोन्ही बाजूंचे गाल म्हणजे कोरडवाहू. वयात येताना शरीरातील अँड्रोजन नावाचे स्राव वाढतात, तसे कुदळीच्या भागातले तेलही वाढते. म्हणून ही तक्रार पंधरा ते पस्तीस या वयात जास्त दिसते. बायकांचे चाळिशी-पन्नाशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास तेल कमी होत जाते आणि तोच चेहरा सगळाच कोरडा होऊ लागतो. म्हणजे जमीनही वयाप्रमाणे बदलते.

दुसरी गोष्ट सामूची. माती परीक्षणाच्या कागदावर सामू हा शब्द आपण वाचतो. कातडीचाही सामू असतो. निरोगी कातडीचा सामू पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट असतो. या आंबटपणामुळे कातडीचा वरचा थर घट्ट राहतो आणि बरेचसे जंतू दबून राहतात. साध्या साबणाचा सामू नऊ ते दहा असतो. एकदा साबण लावला की कातडी स्वतःला पुन्हा पूर्वपदावर आणते, पण त्याला वेळ लागतो. दिवसातून पाच वेळा साबण लावला तर तिला तो वेळच मिळत नाही. गाल उघडे पडतात, ओलावा उडून जातो, खाज आणि आग सुरू होते.

आपली त्वचा कोणती, हे घरीच पाहा

यासाठी पैसे लागत नाहीत. रात्री तोंड धुऊन टिपून घ्या. त्यावर काही लावू नका. तासाभराने पातळ टिपकागदाचे किंवा टिश्यू कागदाचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल यांवर हलकेच दाबा आणि उजेडात धरा. सगळ्या तुकड्यांवर तेलाचे डाग असतील तर त्वचा तेलकट. कुठेच नसतील आणि तोंड ओढल्यासारखे वाटत असेल तर कोरडी. कपाळ-नाकाच्या तुकड्यावर डाग आणि गालाचा तुकडा कोरा, असे असेल तर मिश्र.

ही परीक्षा एकदा थंडीत आणि एकदा पावसाळ्यात करावी. सोलापूरच्या हवेत दोन्ही वेळचे उत्तर वेगळे येऊ शकते.

पाणी आणि साबण

आपल्या भागात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. कारखान्यात बॉयलरला असले पाणी आपण जसेच्या तसे कधी चालू देत नाही, कारण नळ्यांत क्षार बसतात. तोंडाला मात्र खुशाल वापरतो. जड पाण्यातील कॅल्शियम आणि साबण यांचा मिळून चिकट साका होतो आणि तो कातडीवर राहून जातो. त्यामुळे कोरडे गाल अधिकच चरचरतात. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो, ते वेगळेच.

यावर उपाय साधा आहे. तोंड धुण्यापुरते तांब्याभर नळाचे किंवा साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी वापरावे. पाणी कोमट असावे, कढत नको. साबण दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, तोही कुदळीच्या भागाला. गालांना उरलेला फेस पुरतो. मध्ये घाम आला तर नुसत्या पाण्याने धुवावे. शेवटी भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढावा आणि पंचाने खसाखसा न पुसता टिपून घ्यावे.

साबण घेताना वेष्टनावर टी.एफ.एम. हा आकडा पाहावा. साबणातील स्निग्ध पदार्थाचे ते प्रमाण. पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. ज्यावर 'बाथिंग बार' लिहिलेले असते त्यात ते ४० टक्क्यांपर्यंत कमी चालते. कपड्याचा साबण तोंडाला लावू नये. ज्यांना परवडते त्यांनी साबणाऐवजी सौम्य फेसवॉश घेतला तर बरे, पण तो नसला म्हणून अडत नाही.

मिल हाऊस आणि वर्कशॉपमधील बंधूंना एक विनंती. हाताचे ग्रीस निघते म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा बोळा तोंडावर फिरवू नका. त्याने कातडीचे तेल पार निघून जाते आणि पुरळ उठते. ग्रीसवर आधी खाण्याचे तेल चोळावे, फडक्याने पुसावे आणि मग साबण लावावा.

हंगामाप्रमाणे मशागत

*गळीत हंगाम, म्हणजे थंडी.* कारखान्याचा बॉयलर पेटतो त्याच सुमारास हवा कोरडी होऊ लागते. दिवाळीचे अभ्यंगस्नान नेमके याच वेळी येते. आधी तेल आणि मग उटणे, हा क्रम जुन्या लोकांनी विचार करूनच लावला असावा. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या तोंडावर यण्णीमज्जन होते तेव्हा सोलापूरची थंडी भरात असते. या दिवसांत गालांना रोज काहीतरी स्निग्ध लागतेच. तोंड धुतल्यावर गाल किंचित ओले असतानाच व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली किंवा साधे मॉइश्चरायझर पातळ लावावे. ओल धरून ठेवायची असते, म्हणून आधी ओल आणि मग तेल. पाणी दिल्यावर पाचट पसरतो, तसेच. ग्लिसरीन वापरायचे तर नुसते नको, थोडे पाणी घालून घ्यावे. कुदळीच्या भागाला मात्र यातले काही लावू नये, किंवा बोट पुसून उरेल तेवढेच लावावे.

*उन्हाळा.* एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. घाम आणि तेल मिळून कपाळ-नाक चिकट होते आणि गालांना उन्हाचा चटका बसतो. आपल्याकडील बायकांच्या गालांवर जे वांग येतात ते उन्हाने गडद होतात. पदर, रुमाल, छत्री, रुंद काठाची टोपी हा पहिला उपाय. त्यावर एस.पी.एफ. ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन. तेलकट भागासाठी जेल किंवा पाण्यासारखे पातळ मिळते, ते पाहून घ्यावे. तोंडाला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लागते. उन्हात काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे.

*पावसाळा.* हवेत ओल असते, गालांची तक्रार आपोआप कमी होते आणि कुदळीचा भाग बिघडतो. तेव्हा जेली बंद करून हलके मॉइश्चरायझर घ्यावे. ओला रुमाल तोंडाला बांधून ठेवू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींना पाल्याची कुसळे लागून गालांवर खाज सुटते. खाजवण्यापेक्षा आधी भरपूर पाण्याने धुवावे. तोंडाला बांधलेले फडके रोज धुऊन उन्हात वाळवावे.

आणखी एक गोष्ट डोक्याच्या तेलाची. आपल्याकडे तेल चोपडून घट्ट वेणी घालण्याची रीत आहे. ते तेल ओघळून कपाळावर येते आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. कपाळावर पुरळ आले की पोरी क्रीम शोधतात, कारण मात्र तेलाच्या बाटलीत असते. तेल नहाण्याच्या आदल्या रात्री लावावे, कपाळ पुसावे आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा.

स्वयंपाकघरातले काय घ्यावे, काय टाळावे

सोलापूर हा करडईचा मुलूख. करडईच्या संशोधनाचे जुने केंद्र इथेच आहे. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असते. कातडीच्या वरच्या थराला हे आम्ल उपयोगी पडते. घाण्याचे ताजे करडईचे तेल दोन थेंब, रात्री ओल्या गालांवर लावावे. कुदळीवर नको. खोबरेल केसांना चांगले, पण पुटकुळ्या येणाऱ्या तोंडाला नको, ते छिद्रे बुजवते.

डाळीचे पीठ किंवा मुलतानी माती आठवड्यातून एकदा, फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीला लावावी आणि पूर्ण वाळण्याआधी धुवावी. गालांना लावली तर भेगाळलेल्या रानासारखी गत होते.

लिंबू तोंडावर चोळू नये. त्याचा सामू दोनाच्या आसपास असतो. शिवाय लिंबू लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडाही नको.

आता आपल्या मालाविषयी. साखरेने तोंड घासण्याची टूम अलीकडे आली आहे. साखरेच्या खड्याला धारदार कोपरे असतात, हे पॅन हाऊसमध्ये भिंगाखाली दाणा पाहणाऱ्याला विचारावे. कोरड्या गालांवर त्याने बारीक ओरखडे पडतात. उसात ग्लायकोलिक आम्ल असते ही गोष्ट खरी. १९७४ साली अमेरिकेतील व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी या जातीच्या आम्लांचा कातडीच्या रोगांवर उपयोग दाखवला आणि आज ती अनेक क्रीममध्ये मोजून घातली जातात. पण मोजून घातलेले आम्ल वेगळे आणि तोंडाला फासलेला रस वेगळा. रसाने माश्या तेवढ्या येतील.

आणि साखर खाण्याविषयी? कारखान्याच्या अंकात हे लिहू नये असे कोणी म्हणेल, पण सभासदांपासून काय लपवायचे? २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात साखर-मैद्यासारखे झटकन रक्तात उतरणारे पदार्थ कमी केले, त्यांच्या मुरुमांत जास्त सुधारणा दिसली. साखर विका, पण चहात चमचा जरा बेताने घाला. ज्वारीची भाकरी आपल्याकडे आहेच.

पुटकुळ्या फोडू नयेत. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. छिद्रात साचलेले तेल आणि मृत पेशी वर येऊन काळ्या पडतात, घासून त्या जात नाहीत.

ती ट्यूब

आता त्या मुलीकडे येऊ. दोन-अडीच महिने मलम चालले. एक दिवस ते संपले आणि बाजारात जाणे झाले नाही. चार दिवसांत तोंड लालबुंद झाले, आग होऊ लागली, चुलीपुढे बसवेना. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव दाट झाली, पुटकुळ्या पहिल्यापेक्षा दुप्पट. घाबरून तिने दुसरी ट्यूब आणवली. लावली की बरे, थांबवली की आग. आज्जी एवढेच म्हणाली, "ह्याला औषध म्हणत न्हाईत, व्यसन म्हणत्यात."

सोलापुरात त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचून दाखवली. त्यात जोरकस स्टिरॉइड होते. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य रोगाला, योग्य जागी, थोडे दिवस दिले तर ते गुणकारी आहे. पण तोंडाची कातडी पातळ असते. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, सूज बसते, म्हणून आधी चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी आणखी पातळ होते आणि औषध थांबताच सगळे उसळून येते. हा प्रकार आपल्या देशात इतका वाढला की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' असे त्याला स्वतंत्र नावच दिले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइडांची मलमे शेड्यूल एचमध्ये आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, पण हातात ट्यूब पडतेच, हा आमचाच अनुभव आहे.

म्हणून घरातल्या प्रत्येक ट्यूबवरची नावे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले आणि ते डॉक्टरांनी तोंडासाठी दिलेले नसेल, तर डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस वापरले असेल तर मनानेच एकदम बंद करू नका, डॉक्टर ते टप्प्याने सोडवतात. गजकर्णाला लावायचे तिन्ही औषधे एकत्र असलेले मलमही याच जातीचे. त्याने गजकर्ण दबते आणि पुढे जास्त पसरते. नाव-गाव नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे प्रकार देशात घडले आहेत, आणि पारा मूत्रपिंडावर जातो.

गोरेपणाचा हट्ट हेच या सगळ्याचे मूळ आहे, हेही बोलले पाहिजे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढला. कंपनीने नाव बदलले, आपण पाहुण्यांपुढे मुलगी बसवताना अजून तेच पाहतो. पोरीला ट्यूब कोणी आणायला लावली, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला. उत्तर सुखाचे नव्हते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गाठीसारखे दुखरे मुरुम, खड्डे पडणारे व्रण, महिनाभर घरची काळजी घेऊनही न थांबणारी आग, अचानक वाढलेली लव आणि त्यासोबत पाळीची गडबड, या गोष्टी घरी बरे करू नयेत. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि त्याला स्पर्श कळत नसेल तर ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचे औषध मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही त्वचारोगाची तपासणी होते. गरोदर बायकांनी मुरुमांचे कोणतेही औषध विचारल्याशिवाय घेऊ नये.

कोणतीही नवी वस्तू तोंडाला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावी. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी आणि तिला महिनाभर द्यावा, कारण कातडीचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. लावण केली आणि आठ दिवसांत तोड मागितली, असे शेतात चालत नाही, तोंडावरही चालत नाही.

त्या मुलीचा चेहरा निवळायला सहा-सात महिने लागले. गालांवरच्या काही लाल शिरा अजून आहेत. स्थळांची बोलणी घरच्यांनी थांबवली आणि ती आता सोलापूरला कॉलेजात जाते. सकाळी कुदळीला साबण, गालांना जेली, डोक्यावर रुमाल, एवढेच करते. नाक दुपारी थोडे चकाकते. ती म्हणते, "चकाकू दे की."

सभासद बंधू-भगिनींनो, हा अंक बाजूला ठेवण्याआधी एकच करा. आरशामागच्या फळीवर पडलेली ट्यूब उचला आणि तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या.